भिशी ब्लॉकचेनवर टाकून बघितली : स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तपासायचं कसं, पायरी पायरीने

माझ्या आत्याची भिशी आहे, ठाण्यात कोपरीला. बारा बायका, महिन्याला ५,००० चा हप्ता, म्हणजे ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिला ६०,०००. सगळा कारभार एका वहीत. मी महापेला एमआयडीसीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जाणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या चार-पाच जणांना सॉलिडिटी, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवर (सगळ्यांना दिसणारी सामायिक वही) आपोआप चालणारे प्रोग्रॅम, अर्थात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, लिहायची भाषा शिकायची होती, तर म्हटलं उदाहरण कुठलं घ्यायचं, हीच भिशी घेऊ. नियम सगळ्यांना माहिती, पैसे आत येतात, बाहेर जातात, चिठ्ठी निघते. एवढ्याशा कॉन्ट्रॅक्टमध्ये आम्हाला जवळजवळ सगळे मोठे धोके भेटले. ते कसे शोधायचे ते इथे लिहितोय. थोडीफार सॉलिडिटी येत असेल तर उत्तमच, नसेल तरी वाचा, कारण शेवटच्या पायऱ्या कोड न लिहिणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाच्या आहेत.

आधीच सांगतो, आम्ही हे सगळं सेपोलिया टेस्टनेटवर, म्हणजे इथेरियमच्या सरावाच्या चेनवर केलं, तिथलं इथर (इथेरियमचं चलन) फुकट मिळतं आणि त्याला किंमत नसते. खऱ्या पैशाची भिशी यावर चालवू नका. चिट फंडांसाठी १९८२ चा वेगळा कायदा आहे, शिवाय क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे. सीएला विचारल्याशिवाय त्यात पडायचं नाही.

पायरी १ : कोड बाजूला ठेवा, आधी कागदावर पैशाच्या वाटा काढा

बहुतेक जण कोड उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. तसं करू नका. एक कोरा कागद घ्या आणि बाहेरून बोलावता येतील अशी सगळी फंक्शन्स लिहा. आमची मुख्य पाच होती : सभासद जोडा, हप्ता भरा, चिठ्ठी काढा, पैसे उचला, भिशी थांबवा. मग प्रत्येकापुढे चार प्रश्न. कोण बोलावू शकतं? कधी? किती रक्कम हलते? आणि किती वेळा बोलावता येतं?

चौथा प्रश्न लोक विसरतात आणि सगळ्यात जास्त पैसे त्यातूनच गेलेत असं माझं मत आहे.

हा कागद एवढा महत्त्वाचा का, तर बँकेत चुकून पैसे गेले तर शाखेत जाऊन अर्ज करता येतो, इथे कॉन्ट्रॅक्ट एकदा चढवलं की त्यात जे लिहिलंय तेच होणार, तुमच्या मनात काय होतं ते चेनला कळत नाही. आणि कोड सगळ्यांना दिसतो. तुम्ही झोपलेले असलात तरी तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाचणारे बॉट चोवीस तास जागे असतात.

पायरी २ : "कोण" या रकान्यात एकही जागा मोकळी सोडू नका

आमच्या पहिल्या कोडमध्ये "सभासद जोडा" वर मालकाची अट होती, पण "मालक ठरवा" असं एक सुरुवातीचं फंक्शन होतं, ते एकदाच चालवायचं म्हणून त्यावर कसलीच अट लिहिली नव्हती. म्हणजे कोणीही येऊन मालक होऊ शकलं असतं.

अगदी हाच घोळ पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग वॉलेटमध्ये (अनेकांच्या सह्या लागणारं वॉलेट) झाला होता. जुलै २०१७ मध्ये मालक ठरवणारं फंक्शन बाहेरून कोणालाही बोलावता येत होतं, त्यातून सुमारे दीड लाख इथर गेलं. त्यांनी दुरुस्ती केली, पण नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळी वॉलेट ज्या एका लायब्ररी कॉन्ट्रॅक्टवर अवलंबून होती त्या लायब्ररीलाच मालक नेमायचा राहिला होता. एकाने तिची मालकी घेतली आणि ती नष्ट केली. त्यावर टेकलेल्या वॉलेटमधलं पाच लाखांहून जास्त इथर तिथेच गोठलं. चोरीला गेलं नाही, फक्त आता कोणालाच काढता येत नाही.

तर करायचं काय : मालक कन्स्ट्रक्टरमध्येच, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चढवताना एकदाच चालणाऱ्या कोडमध्ये, ठरवा. अपग्रेड होणारं कॉन्ट्रॅक्ट असेल तर इनिशिअलाइझ फंक्शन एकदाच चालेल असं बांधा आणि मूळ इम्प्लिमेंटेशन कॉन्ट्रॅक्टचंही (ज्यात खरा कोड असतो) इनिशिअलायझेशन बंद करा, ते सगळे विसरतात. मालकी दुसऱ्याला देताना दोन टप्प्यांत द्या, म्हणजे नव्या मालकाने "हो, घेतली" म्हटल्याशिवाय ती जाणार नाही, ओपनझेपलिन या तयार कोडच्या लायब्ररीतलं ओनेबल-टू-स्टेप त्यासाठीच आहे. आणि परवानगी तपासायला टीएक्स-डॉट-ओरिजिन कधीच वापरू नका, एमएसजी-डॉट-सेंडर, म्हणजे थेट बोलावणारा, वापरा. कारण ओरिजिन म्हणजे साखळीच्या सुरुवातीला ज्याने सही केली तो माणूस. तुम्हाला फसवून कोणी त्याच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायला लावली आणि त्या कॉन्ट्रॅक्टने तुमच्या भिशीला हाक मारली, तर भिशीला वाटणार मालकच आलाय.

पायरी ३ : आधी वहीत नोंद, मग नोटा

इथे जरा थांबू या, कारण ही चूक कळली की बाकीचं अर्धं आपोआप कळतं.

आत्याचा एक नियम आहे. भिशी लागली की आधी वहीत त्या बाईच्या नावापुढे "उचलली" लिहायचं, सही घ्यायची, आणि मगच नोटा मोजून हातात. मी लहानपणापासून बघतोय, कधी उलटं केलं नाही तिने. आमच्या कोडने नेमकं उलटं केलं होतं : आधी तपास, मग पैसे पाठव, मग "उचलली" अशी नोंद.

यात बिघडलं काय? इथेरियमवर पैसे ज्या पत्त्यावर पाठवता तो पत्ता माणसाचाच असेल असं नाही, ते कॉन्ट्रॅक्टही असू शकतं, आणि कॉन्ट्रॅक्टला पैसे मिळाले की त्याचा स्वतःचा कोड चालतो. त्या कोडने लगेच परत तुमचंच "पैसे उचला" बोलावलं तर? वहीत अजून नोंद नाही, म्हणजे तपास पास, परत ६०,०००. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये महिन्याच्या ६०,००० शिवाय प्रत्येकाची १०,००० अनामत होती, म्हणजे १,२०,०००. एकूण १,८०,०००. ग्रुपमधल्या एकाने असं कॉन्ट्रॅक्ट लिहून टेस्टनेटवर एकाच व्यवहारात तीनदा भिशी उचलून दाखवली आणि खातं शून्य केलं, बाकी अकरा जणांची अनामतसुद्धा गेली.

याला रीएंट्रन्सी म्हणतात. १७ जून २०१६ ला द डाओ नावाच्या फंडातून याच पद्धतीने सुमारे ३६ लाख इथर काढलं गेलं. प्रकरण एवढं मोठं की पुढच्याच महिन्यात इथेरियमची चेनच बदलून ते पैसे परत फिरवले, ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या चेनवर राहिले, तीच आजची इथेरियम क्लासिक.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायचे. पहिला आत्याचा : तपास, मग नोंद, सगळ्यात शेवटी बाहेर पैसे. दुसरा, रीएंट्रन्सी गार्ड, म्हणजे फंक्शन चालू असताना दाराला कडी. नुसती कडी पुरत नाही, एक तर ती एकाच फंक्शनला लावली आणि चोर दुसऱ्या दाराने आला तर उपयोग नाही, "अनामत परत घ्या" हे आमचं नंतर जोडलेलं फंक्शन तसंच उघडं राहिलं होतं. दुसरं म्हणजे जुलै २०२३ मध्ये कर्व्ह या टोकन एक्स्चेंजच्या काही पूलमध्ये (पैशाच्या साठ्यांत) कडी लावलेली होती, पण वायपर या दुसऱ्या भाषेच्या कंपायलरच्या ०.२.१५, ०.२.१६ आणि ०.३.० या आवृत्त्यांत ती कडीच नीट बसत नव्हती. कोड लिहिणाऱ्याची चूक नाही, खालचं हत्यार सदोष. म्हणून ओळींचा क्रमही नीट हवाच. आणि जुन्या लेखांत पैसे पाठवायला ट्रान्सफर वापरा, त्यात फक्त २,३०० गॅस (कोड चालवायच्या फीचं एकक) जातो म्हणून सुरक्षित असं लिहिलेलं सापडेल, त्यावर विसंबू नका, गॅसच्या किमती अपडेटमध्ये बदलतात, २०१९ च्या इस्तंबूल अपडेटमध्ये बदललेल्याच आहेत.

पायरी ४ : एका माणसामुळे सगळ्यांचं अडतंय का बघा

आमच्या अगदी पहिल्या मसुद्यात "पैसे उचला" वेगळं नव्हतं, "चिठ्ठी काढा" फंक्शन चिठ्ठी काढून लगेच पैसेही पाठवायचं. आता ज्याची चिठ्ठी निघाली तो पत्ता पैसे नाकारणारं कॉन्ट्रॅक्ट असेल तर पूर्ण व्यवहार उलटतो आणि भिशी त्या महिन्यावरच अडकते. चोरी नाही, पण सगळे बसले हातावर हात धरून. म्हणून पैसे पाठवू नका, नावावर जमा दाखवा, ज्याचे त्याने येऊन उचलावेत. सभासदांच्या यादीवर फिरणाऱ्या लूपचंही तसंच, बारा जणांना चालेल, बारा हजारांना एका ब्लॉकच्या (व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या) गॅस मर्यादेत बसणार नाही.

पायरी ५ : चिठ्ठी खरंच चिठ्ठी आहे का?

आत्याला मी हा प्रकार समजावून सांगत होतो तेव्हा तिने एकच विचारलं, "चिठ्ठी कोण उचलतं, ते सगळ्यांना दिसतं का रे?" तिच्याकडे दर वेळी वेगळ्या घरचं लहान मूल चिठ्ठी उचलतं, सगळ्यांसमोर, डब्यातून.

आमच्याकडे ब्लॉकची वेळ आणि मागच्या ब्लॉकचा हॅश (माहितीतून निघणारा, उलट न शोधता येणारा ठसा) एकत्र करून नंबर निघायचा. दिसायला रँडम. पण चेनवर सगळं उघडं असतं. कोणीही कॉन्ट्रॅक्ट लिहून त्याच व्यवहारात आधी नंबर काढून बघू शकतो, आपला आला तर पुढे जायचं, नाही आला तर व्यवहार उलटवायचा, थोडा गॅस जाईल, पुढच्या ब्लॉकला परत प्रयत्न, आणि ब्लॉक बारा सेकंदाला एक येतो. म्हणजे डब्यात डोकावून हवी ती चिठ्ठी येईपर्यंत हात घालत राहायचं. प्रेव्हरँडाओ नावाचं चेननेच दिलेलं रँडम मूल्य वापरलं तरी हा डोकावण्याचा प्रकार चालतोच, शिवाय ब्लॉक मांडणाऱ्याला आपला ब्लॉक न मांडता निकाल थोडा हलवता येतो. मग आमच्यातला एक म्हणाला गुपित आकडा प्रायव्हेट व्हेरिएबलमध्ये ठेवू. प्रायव्हेट म्हणजे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला वाचता येत नाही एवढंच, बाहेरून स्टोरेज कोणीही वाचू शकतो. चेनवर गुपित असं काही ठेवताच येत नाही, हे पाटीवर लिहून ठेवा.

मार्ग दोन. एक व्हीआरएफ, म्हणजे तपासता येणारा रँडम आकडा, चेनलिंक या सेवेकडे मिळतो, त्यात आकड्याबरोबर तो खरा असल्याचा पुरावा येतो आणि कॉन्ट्रॅक्ट तो तपासतं. आकडा मागितला की त्या फेरीचे हप्ते आणि सभासद बदलणं बंद करायचं, नाहीतर आकडा येताना दिसला की कोणीतरी शेवटच्या क्षणी यादी हलवणार. दुसरा, प्रत्येकाने आधी आपल्या आकड्याचा हॅश द्यायचा, सगळ्यांचे आले की आकडे उघडायचे आणि मिळून बेरीज. यात हॅश करताना आकड्याबरोबर लांबलचक सॉल्ट (गुप्त रँडम मजकूर) घालाच, कारण १ ते १२ मधल्या आकड्याचा नुसता हॅश बारा प्रयत्नांत ओळखता येतो. आणि शेवटी उघडणाऱ्याला निकाल आधी कळतो, न पटल्यास तो उघडणारच नाही, म्हणून न उघडणाऱ्याची अनामत जप्त.

पायरी ६ : हिशेब

सॉलिडिटी ०.८.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, आकडा मर्यादेबाहेर गेला की व्यवहार आपोआप उलटतो. त्याआधी तो गुपचूप शून्यावरून परत फिरायचा. एप्रिल २०१८ मध्ये बीईसी टोकनमध्ये माणसांची संख्या गुणिले रक्कम हा गुणाकार असाच फिरून शून्य झाला, शिल्लक पुरेशी आहे ही तपासणी पास झाली आणि अवाढव्य टोकन हवेतून तयार झाले. आता धोका अनचेक्ड ब्लॉकमध्ये, म्हणजे ही तपासणी मुद्दाम बंद केलेल्या कोडमध्ये, उरलाय, तेवढे ब्लॉक शोधून वाचा. आधी गुणा, मग भागा, कारण अपूर्णांक कापला जातो. यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनला ६ दशांश स्थानं, इथरला १८, ही गल्लत झाली तर रक्कम एक लाख कोटी पटींनी चुकते. आणि टोकन पाठवताना ओपनझेपलिनचंच सेफ-ईआरसी-ट्वेंटी वापरा, इथेरियमवरचं यूएसडीटी टोकन उत्तरादाखल काही परतच देत नाही आणि साधा कोड तिथे अडतो.

बाहेरून किंमत घेणारं कॉन्ट्रॅक्ट असेल तर आणखी एक प्रश्न : एका व्यवहारापुरतं कोणी प्रचंड श्रीमंत झालं तर काय होईल? फ्लॅश लोनमुळे, म्हणजे एकाच व्यवहारात घेऊन त्यातच फेडायच्या कर्जामुळे, तारण न देता तेवढ्यापुरतं कोणीही होऊ शकतं. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या प्रकल्पावर हल्लेखोराने उसन्या पैशाने मतं मिळवून स्वतःचाच ठराव पास केला आणि सुमारे १८ कोटी डॉलरचं नुकसान केलं. भिशीला हे लागत नाही, म्हणून पुढे जातो.

पायरी ७ : मशीनकडून तपासून घ्या, मग माणसाकडून

स्लिदर हे कोड तपासणारं टूल चालवा, फुकट आहे, काही सेकंदात रीएंट्रन्सीच्या जागा, टीएक्स-डॉट-ओरिजिन वगैरे दाखवतं. निम्म्या सूचना बिनकामाच्या असतील, तरी प्रत्येक वाचा. मग फाउंड्री या टेस्ट करायच्या टूलमध्ये इनव्हेरियंट टेस्ट लिहा, म्हणजे काहीही झालं तरी खरंच राहिलं पाहिजे अशी वाक्यं. आमची तीन होती : कॉन्ट्रॅक्टमधली शिल्लक देणं असलेल्या रकमेपेक्षा कधीच कमी नाही, बारा महिन्यांत एकाला एकदाच, आणि सभासद नसलेल्याला एक वेईसुद्धा (इथरचा सगळ्यात छोटा भाग) नाही. फाउंड्री वेडेवाकडे क्रम लावून हजारो वेळा ही मोडायचा प्रयत्न करतं. अनामतीचं उघडं दार आम्हाला यातूनच सापडलं, वाचून सापडलं नव्हतं.

ऑडिट, म्हणजे तज्ज्ञांकडून कोडची तपासणी, करून घ्याच, पण ऑडिट झालं म्हणजे निश्चिंत असं नाही. ऑयलर फायनान्स या क्रिप्टो कर्ज देणाऱ्या सेवेची अनेक ऑडिट झालेली होती, तरी मार्च २०२३ मध्ये सुमारे १९.७ कोटी डॉलर गेले, हल्लेखोराने नंतर ते परत केले ही गोष्ट वेगळी. आणि ऑडिटनंतर एक ओळ बदलली तरी परत तपासणी. नोमॅड ब्रिजवर (ब्रिज म्हणजे एका चेनवरून दुसऱ्या चेनवर टोकन नेणारी सेवा) एका अपडेटमध्ये शून्य हे मूल्यच खरं धरलं गेलं, ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांनी पहिल्या चोराचा व्यवहार जसाच्या तसा कॉपी करून फक्त पत्ता आपला टाकला आणि सुमारे १९ कोटी डॉलर उपसले.

पायरी ८ : किल्ली आणि सही, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

कोड कितीही पक्का असो, किल्ली, म्हणजे वॉलेटमधून सही करायचा गुप्त आकडा, गेली की संपलं. रोनिन ब्रिजवर नऊपैकी पाच सह्या लागायच्या, पण त्यातल्या चार एकाच कंपनीकडे आणि पाचवीची जुनी परवानगी काढायची राहिलेली. २३ मार्च २०२२ ला १,७३,६०० इथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी गेलं आणि ते लक्षात आलं २९ तारखेला, तेही एका वापरकर्त्याला पैसे काढता येईनात म्हणून! सहा दिवस कोणी शिल्लक बघितली नव्हती.

आपल्याकडचं क्रिप्टो एक्स्चेंज वझीरएक्स आठवत असेलच, १८ जुलै २०२४, मल्टिसिग वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचे पैसे त्यात अडकले. मग २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट हे एक्स्चेंज, सुमारे दीड अब्ज डॉलर. बायबिटमध्ये सह्या खऱ्या माणसांनीच केल्या होत्या. स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही होत होती वॉलेटचा कोडच बदलण्यावर, कारण वॉलेटच्या वेबसाइटचा कोड आधीच बदलला गेला होता. म्हणजे "तीन जणांच्या सह्या लागतात" एवढ्याने भागत नाही, तिघेही तीच खोटी स्क्रीन बघत असतील तर तिघे मिळून एकच.

म्हणून आम्ही असं ठरवलं : पाचपैकी तीन सह्या, पाच जणांची वेगवेगळी हार्डवेअर वॉलेट (किल्ली ठेवणारं छोटं यंत्र), कंपनीकडून थेट घेतलेली, कुठल्याही सेकंडहँड जाहिरातीतून नाही. सही करायच्या आधी व्यवहाराचा हॅश दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या टूलने काढायचा आणि हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या स्क्रीनवर दिसतो त्याच्याशी ताडायचा, फोनवर एकमेकांना वाचून दाखवायचा. व्यवहारात डेलिगेट-कॉल (दुसऱ्याचा कोड आपल्या वॉलेटच्या नावाने चालवणं) दिसला आणि तो का आहे हे कोणालाच सांगता येत नसेल तर सही नाही. कंटाळवाणं आहे, दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

सीड फ्रेजचे, म्हणजे ज्यातून वॉलेटची किल्ली परत काढता येते ते, बारा किंवा चोवीस शब्द कागदावर. फोटो नाही, व्हॉट्सअॅपवर "स्वतःलाच मेसेज" नाही, ड्राइव्ह नाही. आमच्यातल्या एकाने शिकताना टेस्टच्या वॉलेटची प्रायव्हेट की (म्हणजे किल्लीच) कोडबरोबर गिटहबवर चढवली, त्याच वॉलेटमध्ये त्याचं थोडं खरं इथरही होतं, चहा पिऊन येईपर्यंत ते गेलं. टेस्टचं आणि खरं वॉलेट एक ठेवायचंच नाही.

कोड न लिहिणाऱ्यांसाठी हेच महत्त्वाचं : कुठलीही साइट टोकन वापरायची परवानगी मागते तेव्हा रक्कम बऱ्याचदा अमर्याद असते, ती हाताने बदलून लागेल तेवढीच द्या आणि जुन्या परवानग्या दर महिन्याला रद्द करा. गॅस न लागणारी सही म्हणजे निरुपद्रवी सही हा गैरसमज आहे, परमिट प्रकारच्या सहीने गॅस न भरताही टोकन उचलायची परवानगी जाते. आणि जुन्या व्यवहारांतून पत्ता कॉपी करू नका, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखी दिसतील असा पत्ता बनवून, त्यावरून बारीकसा व्यवहार करून तो तुमच्या यादीत पेरतात. पूर्ण पत्ता ताडा.

पायरी ९ : चढवल्यानंतर, आणि वाईट झालंच तर

सुरुवातीला रकमेवर मर्यादा ठेवा. थांबवायचं बटण ठेवा, पण ते मल्टिसिगकडे, आणि थांबवलेलं असतानाही लोकांना आपली अनामत काढता आली पाहिजे, नाहीतर बटण दाबणाराच सगळ्यांना ओलीस ठेवू शकतो. अपग्रेडला टाइमलॉक (बदल लागू होण्याआधीचा थांबा), दोन दिवसांचा तरी, म्हणजे ज्याला पटलं नाही तो आधी बाहेर पडेल. शिल्लक ठरावीक रकमेच्या खाली गेली की फोनवर अलर्ट.

पैसे गेलेच तर आधी बघा नुसती परवानगी गेलीय का किल्ली. परवानगी गेली असेल तर ती रद्द करा. किल्ली गेली असेल तर रद्द करून उपयोग नाही, दुसऱ्या स्वच्छ मशीनवर नवीन वॉलेट काढून उरलेलं तिकडे हलवा. ट्रान्झॅक्शन हॅश, पत्ते, स्क्रीनशॉट, वेळ, सगळं जपून ठेवा, फोन फॉरमॅट करू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एखाद्या एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेलेले दिसले तर त्यांनाही तक्रार क्रमांकासकट कळवा, तिथे अजून पडून असतील तर गोठवता येण्याची शक्यता असते आणि ती दर तासाला कमी होत जाते.

यानंतर एक-दोन दिवसांत कोणीतरी मेसेज करेल की तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा किंवा सीड फ्रेज द्या. उत्तर देऊ नका, तो नंबर त्याच तक्रारीत जोडा.